शॉर्टवेव्हची परदेशी रिले केंद्रं बंद का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या जागी वर्षानुवर्षं एखादं स्टेशन ठरल्या वेळी लागायचं, तिथे एक दिवस काटा आणून ठेवला तर नुसती खरखर. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. त्यावर जे प्रश्न नेहमी येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

रिले केंद्र म्हणजे काय? कार्यक्रम थेट मूळ देशातून का पाठवत नाहीत?

शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी. त्या वर जातात, वातावरणाच्या आयनीभूत थरावर वळतात आणि तीनेक हजार किलोमीटरवर पुन्हा जमिनीवर उतरतात. तिथून उसळून आणखी पुढे जातात, पण प्रत्येक उडीत जोर कमी होतो. लंडनहून किंवा जर्मनीहून निघालेला आवाज भारतात पोचतो खरा, पण येतो-जातो, मध्येच बुडतो.

त्यावर उपाय म्हणजे श्रोत्यापासून एका उडीच्या अंतरावर ट्रान्समीटर बसवायचा. जर्मनीत तयार झालेला डॉइचे वेले या तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्थेचा कार्यक्रम श्रीलंकेत त्रिंकोमालीला पोचायचा आणि तिथल्या मनोऱ्यांवरून भारतात शेजारच्या स्टेशनासारखा स्पष्ट लागायचा. सुरुवातीच्या काळात मूळ देशाचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपणच पकडून पुढे पाठवत, नंतर ते काम उपग्रहाने घेतलं. बीबीसीची हाँगकाँग, थायलंड, सिंगापूर, सेशेल्स, सायप्रस आणि असेन्शन बेटावरची केंद्रं, व्हॉइस ऑफ अमेरिकाची फिलिपिन्स, ग्रीस, मोरोक्को, श्रीलंकेतली केंद्रं, रेडिओ नेदरलँड्सची बोनेअर आणि मादागास्करची केंद्रं ही सगळी याच कारणाने उभी राहिली.

कोणी ऐकत नाही म्हणूनच ही केंद्रं बंद होतात ना?

हे कारण सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जातं आणि सगळ्यात कमी वेळा पुरेसं असतं. श्रोते कमी झाले हे खरं आहे. घरोघरी टीव्ही आला, एफएम आलं, मग मोबाइल आला. पण बंद करण्याच्या तारखा आणि श्रोत्यांची गरज यांचा मेळ बसत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह २०११ मध्ये बंद करायचं ठरलं, तेव्हा त्याला जवळपास एक कोटी श्रोते असल्याचे आकडे बातम्यांत येत होते. बिहार, उत्तर प्रदेशातल्या गावांत वीज नसताना सेलवर चालणारा रेडिओ हाच बातमीचा आधार होता. बीबीसीचे भारतातले जुने वार्ताहर मार्क टली यांच्यासह अनेकांनी जाहीर विरोध केला आणि संध्याकाळचा एक तास वाचला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं, तेव्हा याच बीबीसीने शॉर्टवेव्हवर हिंदीचा वेळ अर्ध्या तासाने वाढवला आणि उर्दूत पंधरा मिनिटांचा नवा कार्यक्रम सुरू केला. लोकांपर्यंत पोचायचा दुसरा मार्गच नव्हता. आणि ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण कायमचं थांबलं. गरज सिद्ध झाल्यापासून सहा महिनेही उलटले नव्हते.

रेडिओ ऑस्ट्रेलियाचं तसंच. ३१ जानेवारी २०१७ ला शेपार्टनहून होणारं शॉर्टवेव्ह बंद झालं. मार्च २०१५ मध्ये 'पाम' चक्रीवादळाने वनुआतूची दाणादाण उडवली होती. छोट्या बेटांवर वादळात सगळ्यात आधी मोबाइलचे टॉवर पडतात, आणि तेव्हा हजारो किलोमीटरवरून येणारा आवाजच उरतो. त्या भागातून विरोध झाला, तरी निर्णय फिरला नाही. वाचणारी रक्कम होती वर्षाला १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. एका देशाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या हिशोबात ही रक्कम किरकोळ आहे.

म्हणजे खरं कारण पैसा?

पैसा आहेच, पण तो कोणाच्या खिशातून जातो आणि सेवा कोणाला मिळते हे पाहिलं की उलगडा होतो.

आधी वीजबिल पाहू. २५० किलोवॉटचा जुन्या धाटणीचा ट्रान्समीटर चालवायला साधारण ४०० किलोवॉट वीज लागते असं धरा. दिवसाला दहा तास चालवला तर ४,००० युनिट. महिन्याला १ लाख २० हजार. दहा रुपये युनिट धरलं तरी बारा लाख रुपये, आणि हा झाला एकच ट्रान्समीटर. मोठ्या केंद्रात असे चार-पाच असतात. शिवाय दुर्गम जागी डिझेलचे जनरेटर, मनोऱ्यांची रंगरंगोटी, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या तारा आणि ट्रान्समीटरमधल्या मोठ्या व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या. या व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आता जगात मोजके आहेत.

हा खर्च करणारा करदाता असतो मूळ देशात, आणि ऐकणारा असतो दुसऱ्या खंडात, जिथे त्याला त्या देशात मतदानाचा हक्क नाही. काटकसरीची वेळ आली की कात्री तिथेच चालते. डच सरकारने रेडिओ नेदरलँड्सचा निधी ४ कोटी ६० लाख युरोवरून १ कोटी ४० लाखांवर आणला, आणि जून २०१२ अखेर त्यांची इंग्रजी सेवा संपली. बोनेअरचं केंद्रही त्याच वर्षी बंद झालं. रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलचा निधी १ कोटी २३ लाख डॉलरवरून २३ लाखांवर आला आणि २४ जून २०१२ ला शॉर्टवेव्ह थांबलं. सत्तर-ऐंशी टक्के कपात एका फटक्यात होते, तेव्हा ती काटकसर राहत नाही. सेवा गुंडाळायचं आधीच ठरलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमीन दुसऱ्या देशाची असते. त्याने काय फरक पडतो?

फार मोठा. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे.

रिले केंद्र परक्या जमिनीवर भाडेकराराने उभं असतं. करार वीस, तीस, पन्नास वर्षांचा. तो करताना जे सरकार असतं ते संपताना नसतं. बीबीसीच्या पूर्व आशियातल्या केंद्रांकडे पाहा. हाँगकाँगचं केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. दहा वर्षांनी शहर चीनच्या ताब्यात जाणार हे तेव्हाच ठरलेलं होतं, आणि चीनमध्ये ऐकू जाणारं बीबीसीचं केंद्र चिनी भूमीवर चालेल ही आशा कोणालाच नव्हती. हस्तांतराच्या आधी ते उतरवलं आणि यंत्रसामग्री थायलंडला नाखोन सावनला नेली. तिथे वीस वर्षं गेली. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्याच वर्षी बीबीसीने थाई भाषेत बातम्या पुन्हा द्यायला सुरुवात केली, आणि ते सत्ताधाऱ्यांना रुचलं नाही. करार संपत आला तेव्हा नूतनीकरणाची बोलणी फिसकटली आणि २०१७ उजाडताना केंद्र बंद झालं. उरलं सिंगापूरचं क्रांजी. तेही जुलै २०२३ मध्ये थांबलं.

या तिन्ही ठिकाणी यंत्रं नादुरुस्त झाली नव्हती. अभियंते होते, तारा होत्या, ऐकणारेही होते. पायाखालची जमीन तेवढी दुसऱ्याची होती.

आफ्रिकेत डॉइचे वेलेचं रवांडातलं किगाली केंद्र १९६० च्या दशकापासून चाललं आणि मार्च २०१५ मध्ये बंद झालं. शहर वाढत वाढत मनोऱ्यांपाशी आलं की त्या मोकळ्या जागेकडे सगळ्यांचं लक्ष जातं. शॉर्टवेव्हच्या ॲन्टेनांना शेकडो एकर लागतात, आणि तेवढी जमीन शहराजवळ कोण किती दिवस सोडेल?

आजूबाजूच्या लोकांच्या विरोधामुळेही केंद्रं बंद झाली आहेत का?

हो. स्वित्झर्लंडमधलं श्वार्झेनबुर्ग हे ठळक उदाहरण. परिसरातल्या लोकांनी झोप न लागण्याच्या तक्रारी केल्या, त्यावर बर्न विद्यापीठाने अभ्यास केला, वाद बरीच वर्षं चालला आणि १९९८ मध्ये केंद्र बंद झालं. जर्मनीत होल्झकिर्शेनलाही रहिवाशांचा विरोध होता. श्रीलंकेत इरणविलाला व्हॉइस ऑफ अमेरिकाचं केंद्र उभं राहत होतं तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांनी आणि चर्चने ते नको म्हणून आंदोलन केलं. तरी ते झालं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेने ते स्वतःहूनच बंद केलं.

कॅनडात सॅकव्हिलच्या लोकांचा अनुभव वेगळा होता. समुद्राच्या भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या कुरणात तिथले रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलचे मनोरे होते. ओली खारी जमीन शॉर्टवेव्हला फार मानवते, म्हणून ती जागा निवडलेली. लहरी इतक्या जोरकस की आसपासच्या घरांत स्वयंपाकघरातल्या सिंकमधून, पाइपातून बोलण्याचा आवाज यायचा. धातूच्या एखाद्या सैल, गंजक्या सांध्यातून लहरीतला आवाज वेगळा होतो, हे त्यामागचं साधं विज्ञान. कुठली भाषा आहे हे कळायचं नाही, पण कोणीतरी बोलतंय हे कळायचं. लोक त्याला सरावले होते. मनोरे २०१४ मध्ये पाडले गेले.

शीतयुद्ध संपल्यामुळे काही बंद पडली असतील ना?

पुष्कळ. रेडिओ फ्री युरोपचं पोर्तुगालमधलं ग्लोरिया केंद्र १९९६ मध्ये गेलं. स्पेनमध्ये कातालोनियाच्या वाळूवर, प्लाया दे पाल्सला, १९५९ पासून अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ लिबर्टीचे मनोरे रशियाकडे तोंड करून उभे होते. २००१ मध्ये प्रक्षेपण थांबलं आणि मार्च २००६ मध्ये सुरुंग लावून मनोरे पाडले. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं कॅलिफोर्नियातलं डेलानो २००७ मध्ये, मोरोक्कोतलं टँजिअर २००८ मध्ये बंद झालं. समोरचा शत्रू बदलला की त्या दिशेचा ॲन्टेना निरुपयोगी होतो, कारण हे ॲन्टेना फिरवता येत नाहीत. अपवाद थोडेच.

एक केंद्र बंद झालं की बाकीच्या देशांचे कार्यक्रमही का गायब होतात?

कारण ही केंद्रं अदलाबदलीवर चालायची. सॅकव्हिलहून कॅनडाचे कार्यक्रम जायचेच, शिवाय जर्मनी, जपान, कोरिया, चीन यांचेही अमेरिका खंडासाठीचे कार्यक्रम तिथूनच जायचे. बदल्यात कॅनडाला त्या देशांच्या ट्रान्समीटरवर वेळ मिळायचा. पैशांचा व्यवहार न करता तासाला तास. त्यातला एक गडी बाहेर पडला की चार देशांचं वेळापत्रक कोलमडतं.

उलटही घडतं. भाडेकरू कमी झाले तरी केंद्राचा पहारेकरी, अभियंते, डागडुजी यांचा खर्च तोच राहतो. दहा जणांत वाटला जाणारा खर्च तिघांवर येतो, दर वाढतो, मग तिघांतलाही एक जातो. डॉइचे वेले पोर्तुगालच्या सिनेसमधून २०११ मध्ये बाहेर पडली, सायप्रसहून बीबीसीचं शॉर्टवेव्ह २०१३ मध्ये आणि सेशेल्सहून २०१४ मध्ये थांबलं. या तारखा एकापाठोपाठ आल्या, त्यामागे हेच गणित आहे.

इंटरनेट आल्यावर शॉर्टवेव्हची गरज तरी काय?

रोजच्या, सुखाच्या दिवसांत फारशी नाही, हे मान्य करायला हवं. ज्याच्याकडे स्वस्त डेटा आहे त्याने खरखर का ऐकावी?

पण इंटरनेट बंद करायला सरकारला एक आदेश पुरतो, आणि सीमेपलीकडून येणारी शॉर्टवेव्ह अडवायला महागडे जॅमर लावावे लागतात. तेही पूर्ण यशस्वी होत नाहीत. ऐकणारा कोण, कुठे बसलाय, त्याने काय ऐकलं, याची नोंद कुठेही होत नाही. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने रोज चार तास इंग्रजी बातम्यांसाठी दोन फ्रीक्वेन्सी सुरू केल्या, १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झ. ज्या संस्थेने वीस वर्षं एकेक केंद्र कमी केलं, तिलाच युद्ध सुरू होताच शॉर्टवेव्ह आठवली. इंग्लंडमधल्या वूफर्टनसारखी थोडी केंद्रं तोवर शिल्लक होती म्हणून हे शक्य झालं.

मग बंद केलेलं केंद्र लागेल तेव्हा पुन्हा सुरू करता येत नाही का?

जवळजवळ कधीच नाही, आणि निर्णय घेणाऱ्यांना हे कोणी नीट सांगत नसावं.

ॲन्टेना म्हणजे एक खांब नव्हे. शंभर मीटरच्या आसपास उंचीचे दोन मनोरे, त्यांच्यामध्ये तारांचा प्रचंड पडदा, तारांची लांबी त्या त्या मीटर बँडला (लहरींच्या लांबीनुसार पाडलेल्या पट्ट्याला) जुळवलेली, मागे परावर्तनासाठी दुसरा पडदा, आणि ट्रान्समीटरपासून तिथवर जाणारी लाइन. असे दहा-वीस पडदे वेगवेगळ्या दिशांना. एका दिशेचा पडदा बांधायला महिने जातात. भंगारवाल्याला तो कापायला काही दिवस पुरतात.

माणसांचंही तसंच. सकाळी १९ मीटर, संध्याकाळी ३१, रात्री ४९, असा बँड कधी बदलायचा, सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र कुठे आहे त्यानुसार ऋतूचं वेळापत्रक कसं आखायचं, हे ज्ञान तीस वर्षं त्याच जागी काम केलेल्या लोकांच्या हातात असतं. ते निवृत्त झाले की गेलं.

फ्रीक्वेन्सीही तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जगभरच्या शॉर्टवेव्ह केंद्रांचं वेळापत्रक बदलतं. जागा रिकामी दिसली की दुसरा येतो. रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रीक्वेन्सींवर २०१८ पर्यंत चीनचं आंतरराष्ट्रीय रेडिओ ऐकू येऊ लागलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या राजकारण्यांना तेव्हा जाग आली. शेजारच्या न्यूझीलंडने मात्र सेवा चालू ठेवली आणि १०० किलोवॉटचा नवा ट्रान्समीटर घेतला. तो २०२४ मध्ये सुरू झाला.

बंद झाल्यावर त्या जागेचं काय होतं?

इंग्लंडमध्ये रॅम्पिशम डाउनला दुसऱ्या महायुद्धापासून बीबीसीचे मनोरे होते. कुंपणाच्या आत इतकी वर्षं नांगर फिरला नाही, त्यामुळे मनोऱ्यांखाली दुर्मिळ गवताळ कुरण टिकून राहिलं. २०११ मध्ये केंद्र बंद झाल्यावर तिथे सौरऊर्जेचे पॅनेल लावायचा बेत आला, त्यावर वाद झाला आणि अखेर बरीच जमीन निसर्ग राखणाऱ्या संस्थेकडे गेली. अमेरिकेत ओहायोतल्या बेथनीच्या, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जुन्या केंद्राच्या इमारतीत संग्रहालय आहे. त्रिंकोमालीचं केंद्र डॉइचे वेलेने २०१३ मध्ये श्रीलंकेच्या प्रसारण महामंडळाला दिलं. मादागास्करचं केंद्र स्थानिक कंपनी चालवते आणि इतरांना वेळ भाड्याने देते. ही शेवटची वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते: मूळ मालक गेला तरी मनोरे उभे राहतात.

महाराष्ट्र-गोव्याचा या विषयाशी काही संबंध?

आहे, आणि जुना आहे. महायुद्धात ब्रिटिशांनी आग्नेय आशियातल्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ जोरदार शॉर्टवेव्ह केंद्र उभारलं. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारला मिळालं आणि त्यातून रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा मोठी झाली. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात, हे केसकर मूळचे पुण्याचे, आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले अमीन सायानींचे कार्यक्रम विमानाने कोलंबोला जात आणि शॉर्टवेव्हवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत परत येत. श्रोते इतके तिकडे गेले की ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. सैन्यासाठी बांधलेलं केंद्र बंद न करता दुसऱ्याच्या हाती दिलं, म्हणून हे सगळं घडलं.

गोव्यात पणजीजवळ बांबोळीला आकाशवाणीने परदेशी सेवेसाठी २५० किलोवॉटचे ट्रान्समीटर बसवले. आणि बीबीसीची मराठी रेडिओ सेवा? ती १९४२ मध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये थांबली. मनोरे शाबूत असतानाच मराठी आवाज गेला. पुढे २०१७ मध्ये बीबीसी मराठी परतली ती इंटरनेटवर.

डिजिटल शॉर्टवेव्ह आली असती तर केंद्रं वाचली असती का?

डीआरएम या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत आवाज स्वच्छ येतो आणि वीजही कमी लागते. पण स्वस्त रेडिओ बाजारात वेळेवर आलेच नाहीत. दोनशे रुपयांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकणाऱ्या माणसाला कित्येक हजारांचा संच परवडणार नव्हता.

अमेरिकेचं २०२५ मध्ये काय झालं?

१४ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी व्हॉइस ऑफ अमेरिका चालवणाऱ्या संस्थेच्या कपातीचा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं आणि फ्रीक्वेन्सी शांत झाल्या. प्रकरण न्यायालयात गेलं. १९४२ पासून चाललेला आवाज एका शनिवार-रविवारात थांबू शकतो, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिलं.

आज शॉर्टवेव्ह ऐकायची असेल तर काय करावं?

रेडिओ घराबाहेर न्या. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा त्रास गच्चीत निम्म्याहून कमी होतो. अंधार पडल्यावर ४९, ४१ आणि ३१ मीटर, दुपारी १९ आणि १६ मीटर बँड धुंडाळा. चीन, रोमानिया, तुर्कस्तान अजून ऐकू येतात. वेळापत्रकातल्या जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते.

स्टेशन लागलं की तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, काय ऐकलं आणि आवाज कसा होता हे लिहून त्यांना कळवा. बहुतेक केंद्रं अजूनही उत्तर देतात, काही जण छापील कार्ड पाठवतात. पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत केंद्राची बाजू मांडणाऱ्या माणसाच्या हातात दाखवायला अशा पत्रांचा गठ्ठा असेल, तर त्याचा उपयोग होतो.